स्वस्त ४के टीव्हीवर एसडी चॅनेल भुरकट का दिसतात, आणि त्यावर खरोखर काय करता येतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: भांडुपच्या वन-बीएचकेसाठी ४३ इंची स्वस्त ४के टीव्ही घेतला. खोक्यावर ‘एआय अपस्केलिंग’ (लहान चित्र एआयने मोठं करणं) छापलंय, तरी केबलवरचे मराठी चॅनेल जुन्या टीव्हीपेक्षा वाईट दिसतात. दोष टीव्हीचा की सिग्नलचा? सेटिंग बदलून काही सुधारेल का? आणि प्रोग्रॅमिंग येत असेल, तर एखाद्या बोर्डवर न्यूरल मॉडेल चालवून स्वतःचा अपस्केलर बनवणं जमेल का?

दोष बहुतेक वेळा अपस्केलिंगच्या आधीच्या पायऱ्यांत असतो. चित्र मोठं करणं हे या साखळीतलं तुलनेनं सोपं काम आहे. मोठं करायच्या आधी चित्र नीट जोडलं नाही, साफ केलं नाही, किंवा दोन वेगवेगळ्या यंत्रांनी ते दोनदा मोठं केलं, की पुढे कितीही चांगला स्केलर (चित्र मोठं करणारा भाग) असला तरी तो घाणच मोठी करून दाखवतो.

आधी हिशेब. आपल्याकडचा एसडी (स्टँडर्ड डेफिनिशन, म्हणजे जुन्या, कमी बारकाव्याच्या दर्जाचा) सिग्नल जास्तीत जास्त ७२० × ५७६, म्हणजे ४,१४,७२० पिक्सेल. ४के पॅनेल ३८४० × २१६०, म्हणजे ८२,९४,४००. बरोबर २० पट. पडद्यावरच्या दर २० पिक्सेलमागे १९ टीव्हीने अंदाजाने भरलेले असतात. त्यात चॅनेल ४:३ चौकटीत वर-खाली काळ्या पट्ट्या घालून येत असेल आणि तुम्ही ‘झूम’ लावत असाल, तर खऱ्या ओळी उरतात फक्त ४३२, आणि टीव्हीला त्या ५ पट ताणाव्या लागतात.

बसण्याचं अंतरही मोजा. ४३ इंची पडद्याची उंची साधारण ५३.५ सेंमी. एसडीची एक ओळ त्यावर ०.९३ मिमी जाडीची पडते, आणि सामान्य नजरेला ती सुमारे ३.२ मीटरपर्यंत वेगळी कळते. एचडीची ओळ १.७ मीटरपलीकडे कळेनाशी होते, ४केची तर ८५ सेंमीपलीकडेच. मुंबईच्या हॉलमध्ये सोफा ते भिंत सात-आठ फूट असतं, म्हणजे सव्वादोन-अडीच मीटर. एवढ्या अंतरावरून एचडी ते ४के हे अपस्केलिंग चांगलं झालं की बरं झालं, हे डोळ्याला जवळपास कळतच नाही. एसडीचे दोष मात्र सगळे दिसतात. त्यामुळे तुमची सगळी मेहनत एसडीवरच लागली पाहिजे.

आता टीव्हीच्या आत काय होतं ते बघू. स्वस्त टीव्हीच्या चिपमध्ये साधारण चार कॉर्टेक्स-ए५३ किंवा ए५५ कोअर, माली जी३१ किंवा जी५२ दर्जाचा जीपीयू आणि १ ते २ जीबी रॅम असते. पण व्हिडिओ मोठा करण्याचं काम यातलं कोणीच करत नाही. त्यासाठी चिपमध्ये वेगळं, पक्कं बांधलेलं हार्डवेअर असतं. म्हणूनच टीव्ही तापून अ‍ॅप अडखळायला लागले तरी केबलचं चित्र अडखळत नाही. क्रम असा: डीकोड, मग मेमरी, डीइंटरलेसिंग (अर्धी-अर्धी आलेली चित्रं जोडणं), नॉइज रिडक्शन (चित्रातला कचरा साफ करणं), स्केलर, शार्पनेस, रंग, त्यावर मेनूचा थर, आणि शेवटी पॅनेल. मेनूचा थर बहुतेक अँड्रॉइड टीव्हींवर १९२० × १०८० मध्येच रंगवला जातो आणि मग ताणला जातो, म्हणून ४के टीव्हीवरही अ‍ॅपची अक्षरं थोडी मऊ दिसतात. तो दोष समजू नका.

स्केलर साखळीत इतका उशिरा का? मेमरीसाठी. ८ बिटी ४:२:० (रंगाची माहिती चौथा हिस्साच ठेवणाऱ्या) स्वरूपातली ४केची एक फ्रेम १२.४ एमबीची. ती सेकंदाला ६० वेळा मेमरीत लिहायची म्हटली तर ७४६ एमबी, परत वाचायची तर तेवढेच. १६ बिट रुंदीच्या डीडीआर३-१८६६ मेमरीची कागदावरची एकूण क्षमताच सेकंदाला ३.७ जीबी, आणि त्यात डीकोडर, जीपीयू, अ‍ॅप सगळ्यांचा वाटा. म्हणून मोठं केलेलं चित्र मेमरीत परत न लिहिता स्केलरमधून सरळ पॅनेलकडे जातं. फक्त उभ्या दिशेच्या फिल्टरसाठी मागच्या काही ओळी चिपमध्येच धरून ठेवाव्या लागतात. १९२० रुंदीची १० बिटी ४:४:४ (रंगाची माहिती पूर्ण ठेवणारी) ओळ ७,२०० बाइटची होते. उभा फिल्टर ४ टॅपचा (एका नव्या पिक्सेलसाठी चार जुने पिक्सेल बघणारा) असेल तर चार ओळी, ८ टॅपचा असेल तर आठ. ही एसरॅम (चिपमधलीच मेमरी) सिलिकॉनवर जागा खाते, जागा म्हणजे पैसा. म्हणून स्वस्त चिपमध्ये आडवा फिल्टर बरा असतो आणि उभा कंजूष.

सगळ्यात जास्त नासाडी होते ती डीइंटरलेसिंगमध्ये. आपले एसडी चॅनेल सेकंदाला ५० अर्धी चित्रं पाठवतात: एकदा विषम ओळी, एकदा सम, प्रत्येकात २८८ ओळी. हलत नसलेल्या भागात दोन अर्धी एकत्र विणायची, हलत असलेल्या भागात एकाच अर्ध्यावरून बाकीच्या ओळी भरायच्या, असं चिपला पिक्सेलगणिक ठरवावं लागतं. चुकीचं विणलं की कडांना कंगव्याचे दात येतात. सगळीकडे भरतच बसली तर २८८ ओळी २१६० पर्यंत ताणाव्या लागतात, म्हणजे साडेसात पट.

याची परीक्षा घ्यायला मराठी वृत्तवाहिनीची खालची सरकती पट्टी उत्तम. शिरोरेषा ही लांब आडवी रेघ. ती आडवीच सरकत असल्यामुळे शब्दाच्या मधल्या भागात आधीच्या आणि नंतरच्या अर्ध्या चित्रात तंतोतंत सारखीच दिसते. चिपला वाटतं, इथे काही हललंच नाही, आणि ती विणते. त्याच शब्दातले काने, वेलांट्या आणि अक्षरांचे दांडे मात्र स्पष्टपणे सरकलेले असतात, तिथे ती भरते. परिणामी शिरोरेषा ठसठशीत आणि तिच्याखालची अक्षरं दातेरी, आणि दोन शब्दांमधली फट येते तिथे निर्णय बदलल्यामुळे रेषेचं टोक थरथरतं. रोमन लिपीच्या पट्टीत हा दोष एवढा उठून दिसत नाही. चिपच्या फर्मवेअरमध्ये हालचालीचा निर्णय एका पिक्सेलवर न घेता आजूबाजूच्या किमान तीन ओळी आणि पाच-सात पिक्सेलच्या खिडकीवर घेतला तर हा दोष बराच कमी होतो. मेमरी पुरत नाही ही सबब इथे चालत नाही: एसडीचं एक अर्धं चित्र ४:२:२ स्वरूपात सव्वाचार लाख बाइटपेक्षाही लहान असतं.

दुसरी नासाडी ठोकळ्यांची. एमपीईजी-२ या व्हिडिओ दाबण्याच्या जुन्या पद्धतीत (कोडेकमध्ये) चित्र ८ × ८ च्या ठोकळ्यांत दाबलं जातं आणि ठोकळ्यांच्या कडा पुसणारा फिल्टर त्या कोडेकमध्ये नसतो. एच.२६४ या नव्या कोडेकमध्ये असतो. डीडी फ्री डिशवर दोन्ही प्रकारचे चॅनेल आहेत. एमपीईजी-२ चा चॅनेल लावून क्रिकेटचं मैदान बघा, ठोकळे लगेच ओळखू येतील. हे पुसण्याची सोय टीव्हीत ‘एमपीईजी नॉइज रिडक्शन’ नावाने असते, पण ती दर ८ पिक्सेलवर कड शोधते. आता सेट-टॉप बॉक्स १०८०पी वर (‘पी’ म्हणजे पूर्ण चित्रं, ‘आय’ म्हणजे अर्धी-अर्धी) ठेवला असेल, तर टीव्हीपर्यंत येईतो ५७६ च्या १०८० ओळी झालेल्या असतात. ठोकळे उभ्या दिशेत दर १५ ओळींवर आणि आडव्या दिशेत दर २१.३३ पिक्सेलवर सरकलेले असतात. साधा फिल्टर आठावर शोधत राहतो, त्याला काहीच सापडत नाही, आणि ठोकळे तसेच मोठे होऊन पडद्यावर येतात. बॉक्सने स्वस्तात केलेलं डीइंटरलेसिंगही असंच कायमचं चिकटतं. १०८०पी आलं की टीव्हीला ते उलटवता येत नाही.

म्हणून खर्च न करता करायच्या गोष्टी, याच क्रमाने:

बॉक्स पिवळ्या-पांढऱ्या-लाल एव्ही केबलने जोडलेला असेल तर आधी ती काढा. त्या एका तारेत प्रकाश आणि रंग एकत्र कोंबलेले असतात, वेगळे करताना अक्षरांच्या कडेला ठिपके रेंगाळतात आणि रंग सांडतो. बॉक्सवर एचडीएमआय नसेल तर केबलवाल्याकडून बॉक्स बदलून घ्या. तोवर बाकीच्या सेटिंगवर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

बॉक्सच्या व्हिडिओ आउटपुटमध्ये ‘नेटिव्ह’, ‘ओरिजिनल’ किंवा ‘सोर्स’ असा पर्याय असेल तर तोच निवडा. नसेल आणि तुम्ही मुख्यतः एसडी बघत असाल तर ५७६आय लावा. सगळं काम टीव्हीच्या चिपकडे जाऊ द्या. माहितीच्या पट्टीत १४४० × ५७६ दिसलं तर घाबरू नका. एचडीएमआयचा किमान वेग गाठण्यासाठी प्रत्येक पिक्सेल दोनदा पाठवला जातो, तेवढंच. मुख्यतः एचडी चॅनेल बघत असाल तर १०८०आय, ५० हर्ट्झ. आपले बहुतेक एचडी चॅनेल तसेच येतात. ६० हर्ट्झ टाळा: २५ चित्रं ६० मध्ये सारखी वाटता येत नाहीत, कॅमेरा आडवा फिरला की झटके बसतात. ५७६आय वर टीव्हीचं डीइंटरलेसिंगच वाईट निघालं, म्हणजे त्या सरकत्या पट्टीत दाते आले, तर ५७६पी करून बघा. ठोकळ्यांचा हिशेब तिथेही आठाचाच राहतो. १०८०पी हा शेवटचा पर्याय.

टीव्हीचा ओव्हरस्कॅन बंद करा. मेनूत हे ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’, ‘डॉट बाय डॉट’ अशा नावांनी लपलेलं असतं. ओव्हरस्कॅन चालू असताना टीव्ही चारही बाजूंनी थोडं कापून उरलेलं ताणतो, म्हणजे कारण नसताना आणखी एक स्केलिंग. लॅपटॉप जोडल्यावर अक्षरं मळकट दिसण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

मग शार्पनेस. ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोडमधून बाहेर या, ‘स्टँडर्ड’ किंवा ‘मूव्ही’ घ्या, आणि चॅनेलच्या लोगोकडे बघत शार्पनेस खाली आणा. अक्षरांभोवतीची पांढरी कड नाहीशी झाली की थांबा. काही टीव्हींवर तटस्थ जागा ० असते, काहींवर ५० च्या आसपास. ५० च्या खाली गेल्यास ते मुद्दाम धूसर करतात. एमपीईजी नॉइज रिडक्शन एसडीच्या इनपुटला ‘मीडियम’, साधं नॉइज रिडक्शन ‘लो’. दोन्ही ‘हाय’ केलं तर चेहऱ्यांवरची कातडी सपाट होते आणि चेंडूमागे सावली राहते. बऱ्याच टीव्हींत ही सेटिंग प्रत्येक इनपुटला वेगळी लक्षात राहतात, त्यामुळे बॉक्सच्या एचडीएमआयला वेगळी आणि अ‍ॅपना वेगळी ठेवता येतात.

३२ इंची ‘एचडी रेडी’ टीव्ही असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. त्याचं पॅनेल १३६६ × ७६८ असतं. त्याला ७२०पी दिलं तर गुणोत्तर १६/१५ येतं, आणि दर पंधरा ओळींत एकदा चित्र स्पष्ट, मध्ये धूसर, असा पट्टा उमटतो. १०८०आय देऊन खाली आणलेलं चित्र बहुधा जास्त एकसारखं दिसतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून युनिव्हर्सल मदरबोर्ड आणून बसवलेल्या जुन्या टीव्हींत तर हे हमखास तपासा, कारण त्या बोर्डाचं फर्मवेअर नेमक्या तुमच्या पॅनेलसाठी लिहिलेलं नसतं.

आता स्केलर स्वतः, कारण प्रोग्रॅमिंग करणाऱ्याला इथेच हात घालता येतो. २ पट मोठं करताना नवे पिक्सेल जुन्या दोन पिक्सेलांच्या मध्ये ०.२५ आणि ०.७५ वर पडतात. ४ टॅपच्या कॅटमुल-रॉम नावाच्या प्रसिद्ध फिल्टरचे ०.२५ साठीचे गुणांक १२८ च्या हिशेबात −९, १११, २९, −३ येतात, आणि ०.७५ साठी तेच उलटे. नेमके पूर्णांक येतात, म्हणून हार्डवेअरला सोयीचे. ५७६ वरून २१६० ला जाताना पाऊल ४/१५ चं पडतं, म्हणजे १५ वेगळे फेज (नवा पिक्सेल दोन जुन्यांच्या मध्ये पडण्याच्या जागा). तिथे गुणांक पूर्णांकात बसवताना प्रत्येक फेजची बेरीज १२८ च आली पाहिजे. एका फेजची १२७ आली तरी सपाट निळ्या आकाशात दर पंधरा ओळींनी फिकट आडवी रेघ दिसते, आणि लोक ती पॅनेलची खराबी समजून पॅनेल बदलायला निघतात.

ऋण गुणांक कड धारदार करतात, पण किंमत घेतात. ६० वरून १८० वर जाणारी कड घ्या. कडेच्या आधीच्या पिक्सेलला −९/१२८ × १२०, म्हणजे सुमारे −८ चा धक्का बसतो: ६० चे ५२ होतात, पलीकडे १८० चे १८८. हीच ती कडेची सावली. तिच्यावर पुन्हा शार्पनेस चढवला की सावली दुप्पट होते. उपाय सोपा आणि स्वस्त: निघालेलं उत्तर शेजारच्या दोन मूळ पिक्सेलांच्या किमान-कमाल मर्यादेपलीकडे अगदी थोडं, २-३ अंकच जाऊ द्यायचं.

न्यूरल मॉडेलचा हिशेब असा. अगदी लहान न्यूरल जाळं घ्या: ३ × ३ चे चार थर, १ वरून १६ चॅनेल (इथे चॅनेल म्हणजे जाळ्याने काढलेल्या चित्राच्या समांतर प्रती), मग १६ ते १६ दोनदा, शेवटी ४ चॅनेल उलगडून २ पट, २०१६ च्या ईएसपीसीएन या अपस्केलिंग जाळ्याच्या धर्तीवर. दर इनपुट पिक्सेलला ५,३२८ गुणाकार-बेरजा. १०८० च्या ६० फ्रेमसाठी सेकंदाला ६६३ अब्ज, म्हणजे १.३ टॉप्स (एक टॉप्स म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी क्रिया; गुणाकार आणि बेरीज वेगळी मोजून). त्याहून वाईट म्हणजे मेमरी: १६ चॅनेलचा एक मधला थर ३३ एमबी, असे तीन थर लिहायचे आणि वाचायचे तर सेकंदाला जवळपास १२ जीबी. ३२ बिटी डीडीआर४-२६६६ सुद्धा कागदावर १०.७ जीबीच देते. म्हणून स्वस्त टीव्हीच्या खोक्यावरचं ‘एआय’ बऱ्याचदा दृश्य ओळखून रंग-शार्पनेसची तयार सेटिंग निवडण्यापुरतं असतं.

पण हेच जाळं एसडीवर चालवा. ७२० × ५७६ च्या ५० फ्रेमना ०.२२ टॉप्स आणि सेकंदाला २ जीबी लागतात. म्हणजे जिथे गरज सगळ्यात जास्त, तिथेच ते परवडतं. जाळ्याने १४४० × ११५२ करायचं, पुढचं काम, उभ्या दिशेत १.८७५ पट आणि आडव्या दिशेत २.६७ पट, साध्या पॉलिफेज (वरच्यासारख्या अनेक फेजच्या) स्केलरने. जाळं फक्त प्रकाशाच्या चॅनेलवर चालवा. रंगाला साधा फिल्टर पुरतो. आरके३५८८ सारख्या ६ टॉप्सच्या चिपवर हे आरामात बसावं.

यात चार ठिकाणी हमखास फसायला होतं. एक, बॉक्सचा एचडीएमआय एचडीसीपीने (नक्कल रोखणाऱ्या कुलपाने) बंद असतो. बोर्डच्या एचडीएमआय इनपुटवर काळा पडदा येईल. त्यामुळे डीडी फ्री डिशचे खुले चॅनेल डीव्हीबी-एस२ (उपग्रहाचा सिग्नल घेणाऱ्या) ट्यूनरने थेट घ्या. त्यात डीकोडरकडून प्रत्येक ठोकळा किती दाबलाय हा आकडाही मिळतो, आणि ठोकळे कुठे किती पुसायचे ते नेमकं कळतं. दुसरं, प्रशिक्षण स्वच्छ चित्रं लहान करून देऊ नका. एमपीईजी-२ ने खऱ्या बिटरेटला दाबलेलीच द्या, नाहीतर जाळं कडेचा कचराच तपशील समजून उजळवतं. तिसरं, चित्राच्या ३२ ओळींच्या पट्ट्या करून चिपच्या आतल्या मेमरीत चारही थर एका दमात चालवाल, तेव्हा प्रत्येक बाजूला ४ ओळी जास्तीच्या घ्या. नाहीतर दर ३२ ओळींनी शिवण दिसेल. त्याने काम जास्तीत जास्त २५ टक्के वाढतं, पण मेमरीची वाहतूक कित्येक पटींनी घटते. चौथं, ८ बिटी जाळ्याकडून पूर्ण चित्र काढून घेऊ नका. साध्या फिल्टरचं चित्र १० बिटांत ठेवा आणि जाळ्याकडून फक्त फरक घ्या. तसं न केल्यास संध्याकाळच्या आकाशात पायऱ्या पडतात.

तयार अपस्केलिंग बॉक्स घ्यायचा विचार असेल, तर २०१९ च्या एनव्हिडिया शील्डमध्ये हे खरोखर न्यूरल पद्धतीने होतं. पण त्याला एचडीएमआय इनपुट नाही. तो स्वतःवर चालणाऱ्या अ‍ॅपचंच चित्र सुधारतो, केबलचं नाही.

नवा टीव्ही घेताना पॅनेल खरंच ४के आहे का, हे तपासायला पेनड्राइव्ह घेऊन जा. त्यावर एकाआड एक काळ्या-पांढऱ्या उभ्या रेघांचं, एका पिक्सेल रुंदीचं ३८४० × २१६० चित्र ठेवा, पण फोटो म्हणून ठेवू नका. फोटो दाखवणारं अ‍ॅप बऱ्याचदा १०८० च्या मेनू-थरात रंगवतं, आणि खऱ्या ४के पॅनेललाही तुम्ही खोटं ठरवाल. त्याच चित्राची दहा सेकंदांची एचईव्हीसी (हाही एक व्हिडिओ कोडेक) क्लिप करून घ्या, रेघा काळ्या-पांढऱ्याच ठेवा, कारण ४:२:० मध्ये रंगीत रेघा कुठल्याही टीव्हीवर मिसळतात. ओव्हरस्कॅन बंद, शार्पनेस तटस्थ. पडद्यापासून फूटभर अंतरावर मोबाइलचा कॅमेरा धरून झूम करा: रेघा सुट्या दिसल्या तर पॅनेल खरं. सगळं एकसारखं राखाडी किंवा लाटांसारखं दिसलं, तर आत कुठेतरी १०८० आहे, मग खोक्यावर काहीही छापलेलं असो.